पिवळी न झालेली नळी

मी एक जुना कलरीमीटर आहे, मित्रांनो. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. माझ्या पोटात एक छोटा दिवा आहे. दिव्यासमोर काचेची नळी ठेवायची. नळीतून प्रकाश आरपार जातो आणि पलीकडे किती पोचला, ते माझा काटा सांगतो. नळीतला रंग जितका गडद, तितका काटा पुढे सरकतो.

एका कारखान्यात लांबलचक बाकावर माझी जुळणी झाली. तिथून खोक्यात बसून मी एका मोठ्या दवाखान्यातल्या, जिन्याखालच्या प्रयोगशाळेत आलो. पांढऱ्या फरशीचा ओटा, कुरकुरणारा फ्रिज, खिडकीखाली बेसिन. तिथल्या तंत्रज्ञ बाई रोज सकाळी माझी काच मऊ फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला महाराज, डोळे उघडा." डॉक्टर लोक माझ्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवत.

मी रक्तातली विकरं मोजत असे. तुम्ही शाळेत हा शब्द वाचला असेल. बाई त्यांना एन्झाइम म्हणत. विकरं एरवी आपापल्या अवयवात राबत असतात. यकृत दुखावलं की तिथली विकरं घर सोडून रक्तात येतात. हृदयाला इजा झाली की हृदयाची येतात. बाहेरच्या बाकावर माणूस हसत गप्पा मारत असायचा आणि इकडे त्याचं यकृत माझ्यासमोर कण्हत असायचं. खरं सांगतो, कधी कधी मला ते हसणं ऐकवत नसे.

एकदा एक आजी आपल्या सुनेला आणि नातीला घेऊन आल्या. नातीला घरात छकुली म्हणत. पंखा डोक्यावर गरगरत होता, तरी सुनेला दरदरून घाम फुटला होता. तिच्या पापणीखालचा स्नायू आपोआप फडफडत होता. छकुली चांगली शाळेत जाणारी मुलगी, पण तिच्या तोंडातून लाळ गळत होती.

"भाड्याच्या नव्या घरात गेल्यापासून हे मागे लागलंय बघा," आजी दबक्या आवाजात म्हणाल्या. "आतल्या खोलीत जो झोपतो, त्याला ते धरतं. या दोघी त्या पलंगावर झोपतात. माझ्या मुलाला काही होत नाही. तो बेकरीत रात्रपाळी करतो आणि दिवसा बाहेरच्या खोलीत झोपतो. सून माहेरी गेली की ठणठणीत. परत आली की पुन्हा तेच. छातीवर कुणीतरी बसतं म्हणते."

"कोपऱ्यात दिसतो पण तो," सून पुटपुटली.

"आणि वास येतो. कुणी ओला लसूण ठेचतंय असा. घरात लसणाची पाकळीसुद्धा नसताना!" आजींनी भर घातली.

बाई सुई काढत म्हणाल्या, "आजी, आधी रक्त घेऊ या. कोपऱ्यातल्या पाहुण्याचं मग बघू."

दोघींना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी यकृताची आणि हृदयाची विकरं तपासायला सांगितली होती. मी मोजली. दोन्ही जिथल्या तिथे होती. सुनेचा नवरा आजींबरोबर अहवाल न्यायला आला तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला. "बघ आई, सगळे मनाचे खेळ आहेत."

आजी मात्र आणखीच घाबरल्या. "डॉक्टरांना सापडत नाही, म्हणजे ते डॉक्टरांच्या हातातलं नाहीच." त्या दिवसापासून आतल्या खोलीच्या खिडक्या घट्ट बंद राहू लागल्या. बाहेरून काही आत येऊ नये म्हणून.

थोड्याच दिवसांत छकुलीला धाप लागू लागली. तिला तपासून डॉक्टरीणबाई स्वतः आमच्या खोलीत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दिवा बंद करून अंधार केला, तरी पोरीच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होईनात. टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत. आईच्याही तशाच. कोलिनएस्टरेज या विकराची तपासणी लावा. आत्ताच्या आत्ता."

हे विकर वेगळं असतं, मित्रांनो. मज्जातंतू स्नायूला हुकूम सोडतो आणि काम झालं की हे विकर तो हुकूम पुसून टाकतं. ते मेलं, तर हुकूम थांबतच नाही. डोळे गळत राहतात, लाळ गळत राहते, स्नायू फडफडत राहतात. त्याचं एक भावंड रक्तात फिरत असतं. ज्या विषाने एक मरतं, त्यानेच दुसरंही मरतं. म्हणून इतर विकरं वाढली की भ्यायचं, आणि हे कमी झालं की.

निरोगी रक्त असेल तर त्या तपासणीत नळी हळूहळू पिवळी होत जाते. बाईंनी पडताळा म्हणून आधी स्वतःच्या रक्ताची नळी ठेवली. लिंबाच्या सालीसारखा रंग चढला, माझा काटा सरकला. मग सुनेची ठेवली. काटा जेमतेम थरथरला. बाईंनी मला टिचकी मारली. "महाराज, झोपलात की काय?" त्यांनी पुन्हा सगळं मिसळून नवी नळी लावली. तेच. मग छकुलीची आली.

ती पाण्यासारखी राहिली. आम्ही वाट पाहिली. प्रकाश त्या नळीतून असा सरळ आला, जणू आत कुणी नव्हतंच. आजवर मी गडद नळ्यांना भ्यालो होतो. त्या दिवशी स्वच्छ नळीला भ्यालो.

"भूत नाही हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कीडनाशक आहे. दोघींना दाखल करून घ्या. आणि त्या घरात कुणीही पाऊल ठेवायचं नाही, आजींनीसुद्धा नाही."

छकुलीला श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. तिचा बाप बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. "मी म्हणालो होतो, मनाचे खेळ," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग तोंडाला मास्क आणि हातांत मोजे घालून माणसं त्या घरात गेली. पलंग घरमालकाचा होता. त्याच्या डोक्याकडच्या फळीमागे ढेकणांच्या औषधाचा एक गंजलेला डबा निघाला. तो कधीचा झिरपत होता. गादी उलटली, तेव्हा खालच्या लाकडावर तेलकट डाग दिसला. झोपलेल्या माणसाएवढा.

औषधं लागू पडली. दोघी वाचल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांचं रक्त माझ्याकडे येत राहिलं आणि प्रत्येक खेपेला नळीत थोडासा जास्त पिवळा रंग चढत गेला. इतका सुंदर रंग मी दुसरा पाहिला नाही. एके दिवशी छकुली स्वतःच्या पायांनी आली आणि बाईंना ऐटीत म्हणाली, "आमच्याकडे भूत नव्हतं काही. डबा होता!" आजीसुद्धा हसल्या.

मग हसू ओसरल्यावर आजींनी एक गोष्ट सांगितली. त्या खोलीत आधी एक म्हातारा एकटा राहायचा. छातीवर कुणीतरी बसतं, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. शेजारी हसायचे. एका सकाळी तो त्याच पलंगावर गेलेला सापडला. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. त्याचं रक्त कुणीच तपासलं नाही.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलं आहे. शंभर तपासण्या एका दमात करतं. मी वरच्या फळीवर आहे. माझ्या भिंगावर बुरशी धरली आहे, दिवाही कुणी लावत नाही. त्याचं मला फार दुःख नाही. पण या अंधारात मला अधूनमधून एक नळी दिसते, जी माझ्यासमोर कधी आलीच नाही.

मित्रांनो, विषाचे डबे घरात लपवून ठेवू नका, विसरून तर मुळीच जाऊ नका. आणि घरातलं किंवा शेजारचं एखादं माणूस तेच ते गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याला हसू नका. त्याचा हात धरा आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा.