शेवटची गाठ

सपाट ट्रेलर चालवण्याचं उज्वलाचं शिक्षण काल संपलं. आज पाइप लादून ती पहिल्यांदाच एकटी मालेगावला निघणार होती. पण शिकवणारे गोटीरामकाका डबा मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसलेले!

"काका, मला पास केलंत ना?"

"केलं की. पण पाइपांच्या दोराची मागची शेवटची गाठ सवयीनं मीच मारली. नियम काय आपला? गाठ ज्याची, त्यानंच सोडायची. मग मालेगावला यायला नको मला?"

दीड महिना हेच! गर्दीच्या द्वारका चौकात ब्रेक तिनं दाबायचा आणि पाय यांनी आपटायचा. उज्वलानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"मग उतरा, आणि आत्ताच सोडा."

काका पुटपुटत उतरले. त्यांनी गाठ सोडली. उज्वलानं दोर ताणून स्वतः गाठ मारली.

"आता सगळ्या गाठी माझ्या. येते मी."

काकांनी दोर ओढून पाहिला. हलला नाही. त्यांनी डबा तिच्या हातात दिला.

"भगर हाय. तुझी चतुर्थी ना? चांदवडला खा. आन् डावा आरसा..."

"काका!"

"...बराबर हाय, म्हनत होतो."