बावीस किलोमीटरची फियाट

अजमल मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी आली की आधी आंघोळ, मग तपासणी. तीस वर्षांचा नेम. मालक कितीही घायकुतीला आलेला असो, अजमल पाण्याचा पाइप हातात घेणार, गाडी पुढून-मागून धुणार, पेट्रोलच्या फडक्यानं कानाकोपरा पुसणार आणि मगच बॉनेट उघडणार. मळक्या गाडीचं दुखणं बघायचं म्हणजे घोंगडं पांघरलेल्या माणसाची नाडी बघायची, असं तो म्हणायचा. त्याचं पत्र्याचं गॅरेज सांगलीत मार्केट यार्डाजवळ, हळदीच्या गोदामांना पाठ लावून उभं होतं. दिवसभर हळदीचा खकाणा उडायचा. नवखा माणूस शिंकून हैराण व्हायचा, पण अजमलच्या नाकाला हळद कळायची कधीच बंद झाली होती.

या दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याला नडल्या त्या याच.

आता बिरदेवची फियाट. बिरदेव औंधच्या पलीकडच्या माळावरचा धनगर. मेंढरं राखता राखता भरतीला गेला, लष्करात वीस वर्षं ट्रक हाकून परत आला आणि एक जुनी फियाट घेऊन बसला. तिचं मूळ इंजिन म्हणजे म्हातारा बैल. मनात आलं तर उठेल, न सांगता बसेल. त्यात बायकोचे, धोंडुबाईचे गुडघे गेले. एसटीची पायरी तिला चढवेना, आणि सांगलीत दिलेल्या लेकीला, राणीला, दर गुरुवारी डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. मग बिरदेवनं फियाट अजमलच्या दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "वरनं हीच दिसू दे, आतनं नवी कर."

अजमलनं केली. आठ महिने खपून त्या जुन्या सांगाड्यात एका व्हॅनचं इंजिन बसवलं, टाकीत विजेचा पंप सोडला, मागची सीट उंच करून धोंडुबाईला न वाकता बसता येईल अशी केली. बिरदेवच्या हट्टापायी टाकीचं बाहेर दिसणारं पितळी झाकण तेवढं जुनंच ठेवलं. पहिल्या दिवशी गाडी यार्डातून बाहेर पडली तेव्हा हमाल पोती खाली ठेवून बघत राहिले. अजमलला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका तो खूश होता.

दुसऱ्याच गुरुवारी गाडी वाटेत बंद पडली. जुन्या टाकीतला गंज फिल्टरात अडकला होता. टाकी आतून नीट साफ करायची राहिली, ही चूक सरळ अजमलची होती, आणि त्यानं ती कबूल केली. टाकी खरवडली, फिल्टर बदलला, विषय संपला.

कसला संपतोय. पुढच्या गुरुवारी पुन्हा बंद, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीही. गावातून निघाली की बावीस किलोमीटर गुण्यागोविंदानं चालायची, मग आचके देत थांबायची. पंधरा-वीस मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. बिरदेव कसाबसा सांगलीला पोचायचा, गाडी अजमलच्या गळ्यात टाकायचा आणि धोंडुबाईला घेऊन रिक्षानं लेकीकडं जायचा. अजमल नेमाप्रमाणे तिला आंघोळ घालायचा आणि कामाला लागायचा. पंप बदलून झाला. वायरिंग बदलून झालं. पेट्रोलचा पाइप गरम सायलेन्सरजवळनं जातोय म्हणून तो दुसऱ्या अंगानं फिरवून झाला. मग गाडी मिरजेला, तासगावला, पार साठ-सत्तर किलोमीटर पळवून आणायची. इथं ती कोकरासारखी वागायची. गावाकडं नेली की पुढच्या खेपेला वाटेत पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला होता, पण आग नेमकी कुठं आहे ते कळेना.

आणि हे दुखणं निव्वळ गाडीचं राहिलं नव्हतं. गेल्या वर्षी एका टेम्पोच्या पेट्रोलच्या पाइपाची क्लिप अजमलच्या हातून सैल राहिली होती. ड्रायव्हरला वेळीच वास आला, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून अजमलचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. आवळलेला नट तो तीनतीनदा आवळून बघायचा. शेजारचा नाथाजी टायरवाला बरेच दिवस त्याची जागा भाड्यानं मागत होता. अजमलनं त्याला येत्या शुक्रवारी सांगतो म्हणून शब्द दिला होता. घरी बायको, सलिमा, म्हणाली, "बंद करून घरी बसणार आणि करणार काय? माझ्या डाळीत मीठ किती ते सांगणार?" मनात अजमलनं एकच ठरवलं होतं. बिरदेवच्या फियाटचं दुखणं सापडलं तर आपण मिस्त्री, नाही सापडलं तर जागा नाथाजीची.

म्हणून त्या गुरुवारी भल्या सकाळी तो एसटीनं औंधला उतरला. बिरदेव मोटारसायकलवर न्यायला आला होता. वाटेत तो एवढंच बोलला, "आज थांबली तर इंजिन तुझं तू काढून न्ये, गड्या. सांगाडा मी भंगारात घालतो. म्हातारीला उन्हात किती डाव बसवू?"

दारात पोचल्या पोचल्या अजमलनं बाह्या सरसावल्या आणि बादली मागितली.

"कशाला?" धोंडुबाईनं विचारलं.

"गाडी धुतो की, वैनी. धुतल्याबिगर मी हात लावत नाही."

"आवं, हितं प्यायाला टँकर येतोय चार दिसांनी, आनि तुमी गाडीला न्हाऊ घालताय व्हय? गप बसा आनि भाकरी खावा."

तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अजमलचा नेम मोडला. तो मनातल्या मनात फणफणला, पण भाकरीसमोर बसला. तो आणि बिरदेव आत जेवत असताना धोंडुबाई काठी टेकत बाहेर गेली. गाडी निघायच्या आधी ती तिची पूजा करायची, हे अजमलला ऐकून माहीत होतं. त्यात बघण्यासारखं काय असणार, म्हणून तो चटणीला चिकटून राहिला.

निघताना त्यानं इंजिनाला पेट्रोल नेणाऱ्या पाइपाला प्रेशरचं मीटर जोडलं आणि त्याची नळी बॉनेटच्या फटीतून काचेवर आणून काटा डोळ्यासमोर येईल असा चिकटवला. मग तो बिरदेवच्या शेजारी बसला. धोंडुबाई मागं, मांडीवर राणीसाठी शेंगांची पिशवी.

पहिले दहा किलोमीटर काटा जागचा हलला नाही. पंधराव्याला किंचित खाली आला. अजमलनं डोळे पुसून पुन्हा बघितलं. अठराव्याला आणखी खाली. पंप अचानक मरत नव्हता, कुणीतरी हळूहळू त्याचा गळा दाबत होतं. अजमलला उलट बरं वाटलं, कारण दुखणं पहिल्यांदा त्याच्या डोळ्यादेखत आलं होतं. कडेगावच्या अलीकडं चढावर गाडीनं आचके दिले आणि थांबली.

"झालं," बिरदेव म्हणाला. त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"किल्ली बंद करू नको," अजमल म्हणाला आणि उतरला.

मागं येऊन त्यानं टाकीला कान लावला. पंप फिरत होता, पण त्याचा आवाज ओढल्यासारखा येत होता, तोंड दाबून धरलेला माणूस श्वास ओढतो तसा. अजमलनं झाकणावर हात ठेवला. हाताला काहीतरी चिकट लागलं. त्यानं झाकण थोडं फिरवलं आणि टाकीनं बाहेरची हवा आत ओढली. फुस्स असा लांबलचक आवाज झाला. अर्धा मिनिट तरी टाकी हवा पीत होती. पंपाचा आवाज मोकळा झाला.

"काटा बघ रं," तो ओरडला.

"वर चढलाय," बिरदेव आतून म्हणाला.

अजमल तिथंच रस्त्यावर बसला. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होईल तशी तिला वरून हवा लागते, आणि ती हवा घ्यायला झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. हे तो वयाच्या सोळाव्या वर्षी शिकला होता. ते भोक बुजलं होतं. हवा नाही, म्हणून पेट्रोल पुढं जात नव्हतं, एवढंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोन महिने.

त्यानं झाकण हातात घेऊन उन्हात धरलं. वर पिवळा, तेलकट, बोटभर जाड थर होता. हुंगला तर वास कळेना.

"वैनी, पिन हाय का?"

धोंडुबाईनं बांगडीला अडकवलेली पिन काढून खिडकीतून दिली. अजमलनं ती भोकात घालून फिरवली, बाहेर काढली. पिनेच्या टोकाला पिवळा लगदा आला. खिडकीतून धोंडुबाई बघत होती. तिनं हात लांबवून पिन परत घेतली, बोटानं लगदा चोळला आणि कनवटीची पुडी काढून त्याच्या शेजारी धरून बघितली.

"ह्यो माझा भंडारा," ती म्हणाली.

आणि मग सगळं उलगडलं. पहिल्यांदा गाडी थांबली त्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडुबाई माळावरच्या देवाला जाऊन आली होती. दर गुरुवारी निघताना तिथला भंडारा गाडीला लावायचा, असं तिनं ठरवलं. लावायचा तर कुठं? जनावराला जिथनं खाऊ घालतो तिथं, म्हणजे तोंडाला. गाडीचं तोंड टाकी. कोरडा लावला तर वाऱ्यानं उडतो, म्हणून गोडेतेलात कालवून. गाडी थांबली की पुढच्या खेपेला ती आणखी जाड लावायची. देवाला कमी पडलं असंल, असं तिला वाटायचं.

"म्हंजी दर डाव म्याच थांबवली व्हय गाडी?" तिचा आवाज बारीक झाला. "आनि म्या तुमास्नी मनात किती बोल लावला, अजमलभाऊ. म्हटलं, ह्या मानसाचा हात गेला."

ते शेवटचं वाक्य अजमलला लागलं, कारण तेच तो स्वतःला रोज म्हणत होता. पण आता त्याला राग येईना. उलट हसू यायला लागलं.

"वैनी, सुरुवात माझी हाय. टाकीत गंज मी ठेवला, म्हणून तुमी देवाला मधी घातलं. आनि तुमी लावायचा, मी यार्डातली हळद समजून बघायच्या आधी धुवून टाकायचो. चोरच पुसून टाकला तर सापडणार कुठनं? आज तुमी बादली दिली न्हाई म्हणून सापडला."

बिरदेवचे खांदे हलायला लागले. मग तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. "वीस वरसं फौजेत गाडी चालवली," तो म्हणाला, "पर घरातला शत्रू कळला न्हाई." धोंडुबाईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तीही हसायला लागली.

अजमलनं झाकण पुसलं, भोकातून तोंडानं फुंकून बघितलं, एकदाच लावलं आणि एकदाच आवळलं. पुन्हा तपासलं नाही.

"मग आता लावू कुठं?" धोंडुबाईनं विचारलं. कनवटीची पुडी तिच्या हातात होती. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं.

"टाकी सोडून कुठंबी लावा. पुढं बॉनेटवर लावा. इंजिन तिथं हाय, काळीज समजा."

ती काठी टेकत पुढं गेली, बॉनेटवर चिमूटभर लावला, हात जोडले. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. मागून हवा खेळत होती, पुढं काटा खिळल्यासारखा उभा होता. तीस किलोमीटर झाले, चाळीस झाले. तासगाव मागं पडलं तेव्हा धोंडुबाईला झोप लागली. या गाडीत ती पहिल्यांदाच झोपली होती. बिरदेवनं आरशात बघितलं आणि वेग कमी केला. अजमलनं खिडकी खाली करून वारा तोंडावर घेतला. कित्येक महिन्यांचं ओझं छातीवरनं उतरलं होतं, आणि ते इतकं होतं हे त्याला आत्ता कळत होतं.

गॅरेजपुढं त्याला उतरवलं तेव्हा नाथाजी त्याच्या टायरच्या ढिगावर बसला होता. "काय अजमलभाई, उद्याचं काय ठरलं?" त्यानं हाक दिली.

अजमल उत्तर देणार तेवढ्यात धोंडुबाई जागी झाली. तिनं खिडकीतून शेंगांच्या पिशवीतली ओंजळभर शेंगा त्याच्या हातात ओतल्या.

"फुडल्या गुरवारी तेल बदलायला आणतोय गाडी," ती म्हणाली. "तुमी हाय न्हवं हितंच?"

अजमलनं नाथाजीकडं बघितलं आणि एक शेंग फोडली.

"हाय की, वैनी," तो म्हणाला. "जातोय कुठं मी? फकस्त आता गाडी आधी बघीन, मग धुवीन."