मागचीनं बोलत राहायचं

वर्गात मला वैजयंती कुणीच म्हणत नाही. मला 'अध्यक्ष' म्हणतात. आठवीत पंधरा ऑगस्टला भाषणाला उभी राहिले, 'अध्यक्ष' एवढा एकच शब्द बोलले आणि पुढचं सगळं पाठांतर उडालं. समोरून अख्खी शाळा माझ्याकडं बघत होती. मी खाली उतरले ती थेट सायकली लावतात तिथं जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. तेव्हापासून डबा खाताना 'अध्यक्ष, लोणचं द्या', पेपर मिळाले की 'अध्यक्षांना किती पडले?'

म्हणून दहावीच्या निरोप समारंभासाठी मी स्वतः भोर सरांकडं जाऊन नाव दिलं.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "नक्की?"

"नक्की, सर. हे नाव घेऊन मला कॉलेजात जायचं नाही."

आता गंमत अशी, की मी काही मुखदुर्बळ मुलगी नाही. उसातल्या वाटेवर माझ्याइतकं कुणीच बोलत नाही. आमची वस्ती निमगाव सावा गावापासून लांब. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात. मी, मोहित आणि सोनल, वस्तीवरचे तिघं पाचवीत हायस्कूलला जायला लागलो, तेव्हा मोहितचे आजोबा, भिमाजी नाना, यांनी आम्हा तिघांना ओट्यावर बसवून नियम घालून दिले. मोहितनं पुढं चालायचं, हातात बैलाची घुंगरं बांधलेली काठी. सोनल मधी. मी शेवटी.

"आन् मागचीनं बोलत ऱ्हायाचं," नाना म्हणाले. "वाघाला कळलं पायजे मानसं चाललीत. आन् पुढच्याला वळून बघाया लागू नये मागची हाय का न्हाई ते."

"काय बोलू, नाना?"

"कायबी बोल. पाढे म्हन. पर थांबू नको."

मी थांबले की मोहित न वळता ओरडायचा, "मागं?" आणि मी म्हणायचं, "हाय."

महिनाभर पाढे म्हटले. मग सोनलच वैतागली, "एकोणतीसचा ऐकून वाघ येईल आता. काहीतरी चांगलं सांग की." तेव्हापासून मी सांगायला लागले. टीव्हीवरच्या मालिका, सरांच्या नकला, आदल्या दिवशी वर्गात झालेलं सगळं तिखटमीठ लावून. सहा वर्षं, जाता-येता. कितीदा तर रस्ता आला तरी मोहित मुद्दाम हळू चालायचा, गोष्ट पुरी व्हावी म्हणून.

तर समारंभाचा दिवस. नववीच्या मुलांनी पताका लावल्या होत्या, फळ्यावर रंगीत खडूनं मोर काढला होता. तो कोंबड्यासारखा दिसत होता, पण मान उंच होती. पाहुणे आणि सर स्टेजवर खुर्च्यांत, आम्ही खाली सतरंजीवर. माझं भाषण तोंडपाठ होतं. 'शाळा हे संस्कारांचे मंदिर' वगैरे, पुस्तकातून उतरवलेलं.

माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर उभी राहिले.

"अध्यक्ष…"

आणि संपलं. तेच. तसंच. समोर शंभरेक डोळे, आणि डोक्यात एकही संस्कार नाही, मंदिर नाही. मागच्या रांगेतून खुसखुस ऐकू आली. भोर सर खुर्चीतून अर्धे उठले, हळूच म्हणाले, "राहू दे, बाळ. बस खाली." ते प्रेमानंच म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मी पायरीकडं एक पाऊल टाकलंसुद्धा.

तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेला मोहित बसल्या जागी गर्रकन फिरला. माझ्याकडं पाठ करून बसला. मग सोनल फिरली. तिनं शेजारणीला कोपर मारलं, तीही फिरली. काय चाललंय हे कुणाला कळत नव्हतं, पण आमचा वर्ग अशा बाबतीत एका पायावर तयार. बघता बघता सगळी दहावी माझ्याकडं पाठ करून बसली. पोरींच्या वेण्या आणि पोरांच्या मानाच नुसत्या.

"अरे, हा काय प्रकार?" सर ओरडले.

मोहित न वळता म्हणाला, "मागं?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाय."

माईकमधून ते केवढ्यानं घुमलं. आणि मग मला समोर उसाची वाट दिसली, बाकी काही नाही.

"हाय," मी पुन्हा म्हटलं. "आणि आज सहावीतली गोष्ट सांगणार आहे. दादाभाऊंच्या उसात आम्हाला वाघ दिसला होता, ती."

मोहितची मान ताठ झाली.

मी सांगितलं. पिवळं काहीतरी हललं. सोनलची एक चप्पल पाटात गेली, ती अजून सापडलेली नाही. मी जागच्या जागी बाराचा पाढा म्हणत उभी. मग उसातून दादाभाऊंची कालवड बाहेर आली आणि आमच्याकडं बघून हंबरली. "आणि आमचे पुढारी," मी म्हटलं, "ज्यांच्या हातात घुंगराची काठी, ते काठी टाकून पार शाळेच्या गेटात पोचले होते."

"खोटं हाय, सर," मोहित उठून स्टेजकडं वळला. "मी मदत आणाया गेलो व्हतो."

सगळे त्याला बघायला फिरले, हसले, आणि मग फिरलेलेच राहिले. मी बोलतच होते. गळक्या वर्गात बाक सरकवत काढलेला पावसाळा, वेलची नावाची शाळेतली कुत्री, सरांचं "समजलं का, समजलं का". खुद्द सर रुमालानं चष्मा पुसत होते. सगळ्यांचे डोळे माझ्यावर आहेत हे लक्षात आलं तेव्हा मी आभार मानत होते.

गुलाबजाम खाऊन चारला निघालो. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावात, तिथं जीपनं जायचं. म्हणजे या वाटेनं तिघांचं हे शेवटचं. पुढं मोहित आयटीआयला, सोनल मंचरला मावशीकडं, मी नारायणगावला. डाव्या हाताचा ऊस तुटून गेला होता. एरवी उसाआड असणारी शाळेची कौलं तिथून लख्ख दिसत होती.

ती बघता बघता मी बोलायची थांबले. पुढं घुंगरं थांबली. सोनल थांबली. दोघांनी मागं वळून बघितलं नाही, हे फार बरं केलं.

"मागं?" मोहित म्हणाला.

मी नाक पुसलं. "हाय."

"मग बोला की, अध्यक्ष. उजवीकडला ऊस अजून उभा हाय."

"आता काय बोलू?"

"भाषान म्हन. ते मंदिराचं. पाठ केलंतं ना?"

"परवापासून डोकं खाल्लंय तिनं माझं," सोनल म्हणाली. "म्हण आता, वाया नको जायला."

घुंगरं वाजायला लागली. मी दोघांच्या पाठीकडं बघत दप्तर सावरलं.

"अध्यक्ष महाशय," मी सुरू केलं, "पूज्य गुरुजन, आणि माझ्या पळपुट्या मित्रांनो…"