एकाच कॅनमधलं पेट्रोल

मी होडीचं इंजिन बोलतोय. होडीच्या मागच्या फळीला लटकवायचं, दोरी ओढून सुरू करायचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. बोलतोय म्हणायचं आपलं. माझा खरा आवाज बंद झाला त्याला बरेच दिवस झाले. आता मी घराच्या मागच्या खोलीत लाकडी घोडीवर टांगलेला असतो, आणि माझ्या दांड्यावर ओले पंचे वाळत घालतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्हा इंजिनांना पाण्याच्या टाकीत उभं करून, आम्ही कसे घुमतो ते पाहत. मी पहिल्याच ओढीत सुरू झालो म्हणून तिथल्या तपासनिसानं माझ्या पाठीवर थाप मारली होती. आयुष्यात कौतुकाची तेवढीच थाप. पुढे ज्या थापा खाल्ल्या त्या सुरू होत नव्हतो म्हणून.

आमच्या जातीला विसावा नाही. दुसरी इंजिनं एक फेरी काम करतात, एक फेरी श्वास घेतात. आम्हाला प्रत्येक फेरीला काम. शिवाय आमच्या पोटात ऑइलची वेगळी टाकी नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं, ते जाता जाता आतले भाग ओले ठेवतं. पेट्रोल संपलं तर आम्ही नुसते थांबतो. ऑइल कमी पडलं तर मरतो. एवढं लक्षात ठेवलंत तरी माझी पुढची सगळी कहाणी कळेल.

मला विकत घेतलं ते या घरातल्या बाबांनी. बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना पिण्याचं पाणी, भाजी, साबण असं किडुकमिडुक पोचवायचा त्यांचा धंदा. बाबा ऑइल कधी मापानं घालत नसत. डब्बा तिरका करायचा, डोळे बारीक करायचे आणि "बास!" असं स्वतःलाच ओरडायचं. हात सढळ होता म्हणून मी जगलो. सुरू झालो की ती त्यांच्या मनगटाची करामत, नाही झालो की माझा नालायकपणा. पुरुषांचा हा हिशेब मी कायम असाच पाहिला.

बाबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी त्यांच्या थोरल्या मुलाच्या हाताखाली आलो. हा अबोल माणूस. शिवी देत नसे. संध्याकाळी मला गोड्या पाण्यात चालवून खारं पाणी धुऊन काढी, प्लग पुसून ठेवी. त्याचं लग्न झालं आणि घरात नवी सून आली. तिला पहिल्याच आठवड्यात पेट्रोल-ऑइल मिसळायचं काम मिळालं. "मोजमाप बायकांनाच जमतं," असं बाबा म्हणाले. ज्या कामाचा कंटाळा येतो ते बायकांना चांगलं जमतं, हे मी तोवर शिकलो होतो.

थोरल्यानं तिला माप सांगितलं. पंचवीस भाग पेट्रोल, एक भाग ऑइल. तिनं औषधाच्या रिकाम्या बाटलीवर नेलपॉलिशनं रेघ ओढली आणि त्या रेघेच्या वर-खाली कधी गेली नाही. माझं अंग आतून इतकं नीट कधीच नव्हतं. ती बोलायची फार थोडं. कॅन हलवून झाला की झाकण लावताना मला म्हणायची, "घ्या, तुमचा नाश्ता."

मग बाबांच्या धाकट्या मुलानं नवं इंजिन आणलं.

ते पाहायला सगळा शेजार लोटला. काही महिन्यांपूर्वी नव्या सुनेला पाहायला हीच माणसं आली होती आणि प्रश्नही हेच होते. वजनाला कशी, आवाज किती, खाते किती. सुनेनं चहाचे कप भरले आणि माझ्याकडे बघून ओठ दाबले.

नवं इंजिनही टू-स्ट्रोकच, तेवढ्याच ताकदीचं. फरक पोटात. माझ्या पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा आहे. एका बाजूनं आलेलं ताजं मिश्रण त्यावर आपटून वर वळतं, नाहीतर सरळ समोरच्या भोकातून बाहेर पळेल. तरी थोडं पळतंच. म्हणून मी पितो जास्त, धूरही जास्त काढतो. त्याचा पिस्टन सपाट. त्याच्यात मिश्रण बाजूंनी शिरतं, भिंतीला धरून वळसा घेतं आणि जुना धूर ढकलून देतं. वाया कमी जातं. हलकं, चपळ, रिकामी होडी अशी पळवतं की मागे नुसता फेस. आणि त्याला ऑइल माझ्या निम्मंच लागतं. पन्नासाला एक. जास्त दिलं तर त्याचे प्लग काळे पडतात.

माझा पंखा मात्र रुंद पात्यांचा. सावकाश, भरल्या होडीनं, उलट्या प्रवाहात जायचं असेल तर तिथे मी. त्याचं काम वेगळं, माझं वेगळं, हे कुणाही शहाण्याला कळलं असतं. पण घरात होडी एक आणि भाऊ दोन.

"दादाचा डब्बा आता ठेवून द्या बाबा," धाकटा म्हणाला. "त्याच्या धुरानं जहाजावरचे लोक नाकाला रुमाल लावतात."

"तुझं ते रिकाम्या होडीचं खेळणं आहे," थोरला म्हणाला. "पाण्याचे ड्रम चढव, मग बोल."

"चढवतो की! लावा पैज."

बाबांना निर्णय द्यायला आवडायचं. गुडघे गेल्यापासून दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी जाहीर केलं की शर्यत लावू. शेजारच्या काकांची होडी आपल्या होडीची जुळी, तिच्यावर एक इंजिन, आपल्यावर दुसरं. एक फेरी रिकामी, एक फेरी ड्रम भरून, प्रवाहाच्या उलट. "भरल्या फेरीत जो आधी येईल त्याच्या ताब्यात होडी. धंदा ओझ्याचा आहे. दुसऱ्यानं बर्फाच्या कारखान्यात जायचं, तिथे माणूस पाहिजेच आहे."

थोरल्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण त्या संध्याकाळी त्यानं माझे प्लग दोनदा पुसले. होडीच्या कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं त्याला. आणि भरल्या फेरीत आम्हीच जिंकणार हे त्याला ठाऊक होतं. मलाही.

शर्यतीच्या सकाळी धक्क्यावर गर्दी. सुनेनं दोन कॅन आणून ठेवले होते, माझा वेगळा, त्याचा वेगळा. बाबांनी भुवया उंचावल्या.

"दोन कशाला?"

"बाबा, दोघांचं माप वेगळं आहे," सून म्हणाली.

"अगं, मग उद्या हरणारा म्हणेल माझ्या कॅनमध्ये पाणी होतं. एकाच कॅनमधलं दोघांना. मला दुजाभाव चालत नाही. दोघं माझेच मुलगे."

"जास्त ऑइलचं नको हं बाबा," धाकटा म्हणाला, "माझे प्लग भरतात." त्याच्या मनात काही काळं नव्हतं. त्यानं फक्त आपल्यापुरतं पाहिलं.

"मग तुझ्याच कॅनमधलं," बाबा म्हणाले. "जुनं इंजिन मजबूत आहे. मी कधी मोजून घातलं होतं?"

सून नवऱ्याजवळ गेली. तो मला फळीवर आवळत होता. ती इतकी हळू बोलली की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल.

"अहो, यात ऑइल निम्मं आहे. ड्रम भरून चालवाल तर आत सुकं पडेल. सांगा ना बाबांना."

"गप्प बस जरा."

"एक वाटीभर ऑइल वरून घातलं तरी—"

"सगळ्यांसमोर? म्हणतील दादा सवलत मागतो. रडीचा डाव खेळतो." त्यानं स्क्रू आणखी एक वेढा आवळला. "निघेल एक फेरी. निघेल."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. तिचं तोंड उघडलं होतं. पण सासरी येऊन वर्षही न झालेल्या मुलीनं, धक्क्यावर, पन्नास पुरुषांसमोर, नवऱ्यानं गप्प बस म्हटल्यावर! ती मागे सरकली आणि तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

रिकामी फेरी मी हरलो. हरणारच होतो. धाकटा वळसा घालून परत आला तेव्हा मी अजून अर्ध्यावर होतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "दादा, वल्ही देऊ का?"

मग ड्रम चढले. होडी पाण्यात खोल बसली आणि प्रवाह समोरून आला. इथे त्याचा बारीक पंखा पाण्यात नुसता घुसळत राहिला, आवाज मोठा आणि चाल लहान. मी मात्र पाणी पकडलं. एक एक हात करत मी त्याच्या बरोबरीला आलो, मग पुढे. काठावरचा आवाज बदलला. थोरला हसला. लग्नातल्या फोटोतही तो हसलेला नाही, पण मी पाहिलं, तो हसला.

त्या हसण्याच्या वेळी मला आत कोरडं वाटायला लागलं होतं. पिस्टन भिंतीला घासत होता. मी आवाज बदलला, जितका बदलता येतो तितका. किणकिण केली, दम खाल्ला. थोरल्याला ते ऐकू आलं. माझा आवाज त्याला ओळखीचा होता. त्याचा हात वेग कमी करायला गेला आणि तिथेच थांबला. बाजूनं धाकटा येत होता. हात पुन्हा पुढे गेला.

मी जाम झालो. एक कर्कश ओरड, आणि काही नाही. प्रवाहानं भरली होडी उलटी वाहून नेली. धाकटा शेजारून गेला. जाताना त्यानं मान वळवून पाहिलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

होडी धाकट्याला मिळाली. थोरला बर्फाच्या कारखान्यात जातो. घरी येतो तेव्हा त्याची बोटं पांढरी असतात आणि चहाचा कप तो पिण्याआधी बराच वेळ नुसता धरून बसतो. सूनही शेजारी बसते. दोघं बोलत नाहीत. आधीही बोलत नव्हते, पण ते न बोलणं वेगळं होतं.

परवा धाकटा मागच्या खोलीत आला. त्याचं नवं इंजिन भरल्या होडीत धापा टाकतं, म्हणून माझं काही कामाला येतं का ते बघायला त्यानं माझं डोकं उघडलं. सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते. तो बोटानं चाचपत राहिला. सून दोरीवरचे कपडे काढत होती.

"पाहिलंत ना, भावजी?"

"पाहिलं, वहिनी."

"म्हातारपणानं असं होत नाही."

"नाही." त्यानं पाना खाली ठेवला. "ऑइल कमी पडलं. माझ्या कॅनमधलं होतं."

"मला होडी नको तुमची. बाबांना एवढंच सांगा की हे हरले नव्हते."

त्यानं बोटाला लागलेलं काळं फडक्याला पुसलं. "सांगितलं तर बाबा परत शर्यत लावतील, वहिनी. आणि दादा कशावर येणार? हे तर गेलं." मग खालच्या आवाजात, "माझंही लग्न ठरतंय. होडी आहे म्हणून ठरतंय."

त्यानं माझं डोकं परत बसवलं. सगळे बोल्ट नीट आवळले. वरचं झाकण मात्र न लावताच तो गेला, ते तिनं लावलं.

संध्याकाळी थोरला आला तेव्हा ती म्हणाली, "भावजींनी आज इंजिन उघडून पाहिलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि त्यानं कप उचलला.

मला आता भंगारात द्यायचं ठरलंय. अॅल्युमिनियम आहे, वितळेल, कशाचं तरी भांडं होईल. माझी तक्रार त्या नव्या इंजिनाबद्दल नाही. त्याला त्याचं मिळालं, ते चाललं. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात दोन जण शेजारी उभे करून तोलायची वेळ आली तर आधी ज्याला जे लागतं ते घाला, आणि मग हवं तेवढं पळवा. आणि कुणी हळू आवाजात माप सांगत असेल तर त्याच्याकडे कान वळवा. याहून जास्त मागायचा माझा हक्क आता उरला नाही.

हातगाडी येईल तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले असतील. गाडीवाल्याला सांगतील, "चांगलं होतं हो, पण जुनं झालं. मी दोघांना अगदी सारखं दिलं होतं." खरं आहे ते. थोरला, धाकटा आणि सून मला उचलायला हात लावतील, आणि तिघंही खाली बघतील.