माझ्या पोटातला नवीन फोल्डर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी ढिली आहे, एक कळ दोनदा दाबावी लागते आणि माझ्या पंख्यात बरेच दिवस जगातल्या सगळ्या रंगांचे दोरे अडकलेले होते. कारण उघड आहे. माझी उमेदीची वर्षं घरच्या शिवणवर्गात गेली.

तिथल्या बाई माझ्यावर कपड्यांचे नमुने आखायच्या. विद्यार्थिनी भोवती गोळा होऊन "किती सुंदर!" म्हणायच्या. ते कौतुक बाहीचं किंवा कॉलरचं असायचं, पण मी ते माझंच समजायचो. कौतुकाच्या बाबतीत फार चौकशा करू नयेत.

मग बाईंच्या आईंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. उपचार करणाऱ्या ताई म्हणाल्या, रोज वस्तू दाखवून नावं विचारा आणि आवाज फोनवर घेऊन ठेवा, म्हणजे फरक कळेल. आईंनीही उभं आयुष्य शिवणकामात घालवलेलं. सुरुवातीला त्या नुसतं "नाही" म्हणायच्या. मग एक शब्द परत आला, कात्री. किल्ली दाखवली, कात्री. घड्याळ दाखवलं, कात्री. ताईंनी स्वतःकडे बोट दाखवून "मी कोण?" विचारलं, तरी कात्री. पुढे खिडकी आली, किल्ली आली, लेकीचं लाडाचं नावही आलं. आणि मग आईच गेल्या.

फोन बदलताना बाईंनी जुना फोन अख्खाच्या अख्खा माझ्यात ओतला. फोल्डरला काय नाव द्यावं हे त्यांना सुचेना, म्हणून तो 'नवीन फोल्डर'च राहिला. आईंचा आवाज आता फक्त माझ्या पोटात होता. दुसरीकडे कुठेही नाही.

पुढे वर्गात नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटावर गेलो. तिथे माझ्यासोबत एक फुटकी फुलदाणी होती. तिला बोलायची आवड नव्हती.

तिथून मला खाली काढलं ते बाईंच्या यजमानांनी. ते दातांचे डॉक्टर. माणूस सज्जन, पण उघडलेली वस्तू बंद करणं हे जणू दुसऱ्या कुणाचं खातं. कपाटाची दारं, नळ, टूथपेस्टचं झाकणसुद्धा. "अहो, पेशंटला तोंड बंद करायला तरी सांगता ना?" बाई विचारायच्या.

डॉक्टरांच्या दवाखान्याखाली त्यांच्या मित्राचं चष्म्यांचं दुकान होतं. या चष्मेवाल्यानं घरी 'नोड' लावला होता. झालं, डॉक्टरांनाही हुक्की आली.

"अगं, तुझा जुना लॅपटॉप घेऊ का? नोड लावतोय."

"म्हणजे नेमकं काय करताय?"

"ते आभासी चलन असतं ना, त्याला बँक नसते. सगळे व्यवहार एका लांबलचक साखळीत लिहिलेले असतात. ती साखळी हजारो लोकांनी आपापल्या घरच्या संगणकावर ठेवायची, एकेक कडी स्वतः तपासून घ्यायची. असा संगणक म्हणजे नोड. एका घरची प्रत गेली तरी बाकीच्या राहतात."

"तुमचं आहे का त्यात काही?"

"नाही."

"मग मिळणार काय?"

"काही नाही. तत्त्व आहे."

बाईंनी श्वास सोडला. "घ्या. पण त्यातलं माझं काही काढू नका."

"हो, हो."

हे "हो, हो" मी ओळखून होतो. ते कानातून निघून थेट तोंडात येतं, मध्ये कुठेही थांबत नाही.

मला राऊटरजवळ, चपलांच्या कपाटावर बसवलं. साखळी पहिल्या कडीपासून माझ्यात उतरू लागली. कुठल्या अनोळखी माणसानं कुठल्या अनोळखी माणसाला काय दिलं, ते मी तपासत होतो आणि तापत होतो. त्यात डॉक्टरांनी हौसेनं एक सोय केली. नवी कडी आली की मी घंटा वाजवायची. कड्या येत होत्या धबाधबा. मी आगीच्या बंबासारखा वाजत सुटलो.

"अहो, त्याला गप्प करा, नाहीतर खिडकीतून टाकते!" बाई वर्गातून ओरडल्या.

मित्रांनो, इथे लक्ष द्या. डॉक्टरांनी घंटा काढली नाही. त्यांनी माझा आवाजच बंद केला.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी चष्मेवाला बघायला आला. "डॉक्टर, जागा संपत आली याची."

"मग छाटलेला नोड ठेवतो. जुन्या कड्या तपासून सोडून द्यायच्या, नव्या तेवढ्या ठेवायच्या. चालतं म्हणे."

"चालतं की. पण ती कवळी झाली. तोंडात असते, आपली नसते." दाताच्या डॉक्टरला हे ऐकवून चष्मेवाला उठला. "संध्याकाळी येतो. पूर्ण झाला असला तर मानतो तुम्हाला."

तो गेला आणि डॉक्टर उपटायला बसले. जुने सिनेमे गेले. प्रिंटरचं सामान गेलं. जागा पुरेना. मग त्यांना तो मोठा फोल्डर दिसला.

त्यांनी तो उघडला. पार्किंगमधले खांब, औषधांच्या बाटल्या, चुकून निघालेले अंगठ्यांचे फोटो. खाली नुसत्या आकड्यांच्या नावांची ध्वनिमुद्रणं. त्यातलं मधलंच एक त्यांनी लावलं. माझ्या आत आई बोलू लागल्या. बाहेर चकार शब्द नाही.

"रिकामंच आहे," डॉक्टर म्हणाले. आणि ती खिडकी तशीच उघडी टाकून त्यांनी अख्खा फोल्डर निवडला.

मी विचारलं, 'कायमचं काढून टाकायचं?'

त्यांनी 'हो' दाबलं.

आम्हाला मत नसतं, मित्रांनो. सांगितलं की करायचं. खांब गेले. बाटल्या गेल्या. अंगठे गेले. मग आवाजांची पाळी आली. पहिल्या दिवसाचं "नाही" गेलं. दुसऱ्या दिवसाचंही गेलं. शेजारच्या खोलीत बाईंची कात्री कापडावर कचकच चालली होती. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. माझा पंखा दोऱ्यांमध्ये घरघरत होता, एवढाच काय तो माझा आक्रोश.

आणि मी त्या चालू असलेल्या मुद्रणापाशी आलो. जी फाइल वापरात आहे ती काढायची नाही, असा आमच्यात नियम आहे. मी थांबलो. पडद्यावर लिहिलं, 'ही फाइल वापरात आहे. वगळा की रद्द करा?' माझ्या आयुष्यातलं हे एकमेव बंड, तेही नियमाला धरून.

"कोण वापरतंय? मीच तर बसलोय इथे!" डॉक्टरांचं बोट 'वगळा'वर गेलं. ते दाबलं असतं तर ही एक सोडून पुढची सगळी गेली असती. बोट तिथे टेकलं.

पण धंद्याची सवय आडवी आली. दात हट्टाला पेटला की डॉक्टर जोर लावत नाहीत. मूळ कुठे अडकलंय ते आधी बघतात. त्यांनी उघड्या खिडक्या चाळल्या. त्या इतक्या होत्या की स्वतःलाच सापडेनात. "काही वाजत असेल तर ऐकू तरी येईल," असं पुटपुटत त्यांनी माझा आवाज सोडला.

आधी घंटा कडाडली. मग त्या गोंगाटातून एक जड, अडखळता आवाज आला.

"किल्ली... नाही. कात्री. कात्री! चिमणे, पुरे आता. बंद कर ते."

शेजारची कचकच थांबली. बाई दारात आल्या. हातात कात्री तशीच.

डॉक्टरांचा हात घाईघाईनं खिडकी बंद करायला गेला. जन्मात पहिल्यांदाच.

"बंद करू नका," बाई म्हणाल्या. "कशालाच हात लावू नका."

मग त्यांनी स्वतः 'रद्द करा' दाबलं.

"किती गेलं?"

"सुरुवातीचं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक... नुसतं 'नाही' म्हणायच्या ते."

बाईंनी कात्री माझ्याशेजारी ठेवली. "तुमच्या त्या साखळीच्या किती प्रती आहेत म्हणालात?"

"हजारो."

"कुठल्या कोण माणसांनी एकमेकांना काय दिलं, त्याच्या हजारो. आणि माझ्या आईची एक. तीही चपलांच्या कपाटावर."

डॉक्टरांचं तोंड उघडं होतं. ते बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी चष्मेवाला आला. "झाला का पूर्ण?"

"कवळी बसवली," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. "हा तुझ्या घरी जपून ठेव."

"काय आहे यात?"

"सासूबाई."

"मी कशाला ठेवू?"

"तत्त्व आहे."

आता आईंची एक प्रत मामांकडे आहे, एक मावशींकडे, एक चष्मेवाल्याच्या घरी. फोल्डरला बाईंनी नाव दिलं आहे. डॉक्टरांनी दातांच्या चिमट्यानं माझ्या पंख्यातले दोरे काढले. मी छाटलेला नोड चालवतो आणि थंड डोक्यानं जगतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा नवीन फोल्डर असेल. त्याला नाव द्या, त्याची दुसरी प्रत करा, आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवा. आमचा पंखाही कधीतरी पुसा. आम्ही मुकी जात. 'कायमचं काढून टाकायचं?' एवढंच आम्हाला विचारता येतं. ते आम्ही उगाच विचारत नाही. उत्तर देण्याआधी आईंचे ते सुरुवातीचे दिवस आठवा. त्या दिवसांचं ते 'नाही' आता कुठल्याच घरी उरलेलं नाही. त्याची एक प्रत तुमच्याकडे राहू द्या.