'कच्चं लिंबू' नियमापुढचा चौकोन

मी एक रिकामा चौकोन बोलतोय. संगणकाच्या पडद्यावर, एका यादीत, एका नियमाच्या डाव्या अंगाला मी बसलेला असतो. माझ्यावर टिचकी मारली की माझ्या पोटात बरोबरची खूण उमटते आणि तो नियम लागू होतो. पुन्हा मारली की खूण जाते, नियमही जातो. एवढंच माझं काम.

माझा जन्म अमरावतीला, मुलींच्या वसतिगृहात झाला. अलीझा तिथं संगणकाचं शिक्षण घ्यायची. तिची खाला, म्हणजे मावशी, शकीला भातकुलीला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवायची. पीकविम्याचे फॉर्म, दुष्काळाच्या मदतीचे फॉर्म. लोक सकाळपासून रांगेत उभे राहत आणि सर्व्हर बंद पडला की मुकाट्यानं खाली बसत. आठवडाभर लोकांचे उतरलेले चेहरे पाहून शकीलाचंही मन खचायचं. म्हणून अलीझानं तिला एक खेळ शिकवला.

टेबलाभोवती बसून खेळायचा हा खेळ. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी वाटाड्या, कोणी वैदू. अडचण आली की फासा टाकायचा आणि फासा सांगेल ते सोसायचं. नियमांचं मूळ पुस्तक परदेशातलं, विटेएवढं जाड. ते हाताळणं कठीण, म्हणून अलीझानं संगणकावर मराठीत एक नियमवही बनवली. तिचे दोन भाग केले. पक्के नियम पुस्तकातले, ते कोणी हलवायचे नाहीत. मर्जीचे नियम आपल्या टेबलापुरते. त्यांच्यापुढे आम्ही चौकोन.

माझा सगळ्यात थोरला भाऊ 'खारं पाणी' या नियमापुढे आहे. पुस्तकात लिहिलं होतं, विहिरीचं पाणी प्यायलं की ताकद वाढते. पहिल्याच रविवारी खेळायला आलेला देवानंद शकीलाकडे पाहून हसला होता. "आपा, हे पुस्तक लिहिणारा आपल्या खारपाणपट्ट्यात आलता काय? इथल्या विहिरीचं पाणी पेल्यावर होती ते ताकद जाते!" तेव्हापासून आमच्या टेबलावर विहिरीचं पाणी पिणाऱ्याची ताकद घटते.

देवानंद झेंडू लावायचा. त्याच्यासोबत साजिद, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ही मंडळी बसायची. शकीला गोष्ट चालवायची, फाशाचा आकडा संगणकात भरून काय घडलं ते वाचून दाखवायची. गोष्ट मेळघाटातली, सेमाडोहच्या पलीकडची. देवानंदच्या माणसाचं नाव कोंडू. कोंडू वाटाड्या होता आणि जंगलात हरवलेलं एक गाव शोधत होता.

त्या सालांत पाऊस धड नव्हता. एका वर्षी देवानंदचा झेंडू कळीतच वाळला. दुसऱ्या वर्षी टँकरचं पाणी घालून जगवला, तर ऐन दसऱ्याच्या आधी चार दिवस झड लागली आणि फुलं झाडावरच सडली. तिसऱ्या वर्षी त्यानं वावर पडीत ठेवलं.

एक दिवस त्याची बायको जयवंता दुकानात आली. फॉर्म भरायला नव्हे.

"आपा, घरी त्याईच्या तोंडातून शब्द निंगत नाई. जेवा म्हटलं त जेवते, निजा म्हटलं त निजते. रविवारी तुमच्या इथून आले का मात्र पोरीले जवळ घेऊन कोंडूच्या गोष्टी सांगते. तेवढाच आवाज आयकू येते मले. हे बंद पडू देऊ नोका, आपा."

शकीलानं मान हलवली. पण पक्का नियम होता, गोष्टीतला माणूस मेला की मेला, त्याची ताकद लिहिलेला कागद फाडायचा. आणि कोंडूची ताकद फार थोडी उरली होती.

तेव्हा तिनं मला शोधलं.

माझा नियम अलीझानं गमतीत लिहिला होता. लपाछपीत लहानग्या भावंडाला खेळायला घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तोच हा 'कच्चं लिंबू'. ज्याच्या नावावर मी लागू, त्याला फासा मारत नाही. शकीलानं कोंडूचं नाव निवडून माझ्यावर टिचकी मारली आणि कोणाला काही सांगितलं नाही. माझ्या पोटात पहिल्यांदाच खूण उमटली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू!

तीन महिने कोंडू मेला नाही. कड्यावरून पडला, उठला. अस्वल अंगावर आलं, तेही पळालं. देवानंद मोठ्यानं हसायला लागला होता.

मग सुट्टीत अलीझा आली आणि तिनं नियमवहीत सुधारणा केली. खेळणाऱ्याला आपल्यावर कोणते नियम लागू आहेत हे कळायलाच हवं, असं तिचं म्हणणं. ते बरोबरच होतं. रविवारी तिनं प्रत्येकाच्या हातात छापलेला कागद ठेवला. खाला एकदम का उठली, ते तिला कळलंच नाही.

"आपा," देवानंदनं वाचलं, "हे 'कच्चं लिंबू, चालू' काय होय?"

साजिद फिसकन हसला. "अबे, तू लिंबू होय! तुह्यावर राज्यच नाई..." मग शकीलाचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं.

"म्हंजे तीन महिने मी फासे फेकून राहिलो, अन् कोणी मोजूनच नाई राहिलं?"

शकीलानं कागद मागायला हात पुढे केला.

"अन् ते अस्वल?"

"ते फाशानं नाई हरलं, देवाभाऊ."

"पोरीले सांगतलं ना मी, आपा."

तो इतक्या हळू बोलला, की पंख्याच्या आवाजात ते विरून गेलं असतं. शकीलाचे डोळे भरले. "कोंडू गेला तर तुमी येनं बंद कराल, असं वाटलं मले."

"वावरात माह्यं काय चालते, आपा? ना पावसावर, ना भावावर. इथं फासा तरी माह्या होता."

तो उठला. चप्पल पायात घातली. साजिद "देवा, बस ना बे" म्हणाला, तेही त्यानं ऐकलं नाही. दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"अलीझा, कुठं दाबाचं ते दाखव."

त्यानं स्वतः माझ्यावर टिचकी मारली. खूण पुसली गेली. कोंडू तेव्हा सिपना नदीच्या पुरात उभा होता. पाचाच्या वर आकडा पडायला हवा होता. देवानंदनं फासा मुठीत धरला, कपाळाला लावला आणि टाकला.

दोन.

"वाच ना, आपा," तो म्हणाला.

"कोंडू वाहून गेला," शकीलानं वाचलं.

कागद त्यानं फाडू दिला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तिघं बसून राहिली. साजिदनं दोनदा चहा आणला. शकीला खेळ मांडेना. जयवंताला काय तोंड दाखवू, एवढंच ती म्हणत होती.

तीनच्या सुमारास शटरखालून वाकून देवानंद आत आला. हातात पोरीच्या वहीचं पान होतं.

"कोंडूची बहीण घेतली," तो म्हणाला. "भावाले शोधाले निंगाली. नाव पोरीनं ठेवलं. आपा, आधी नियम वाचा. सगळे."

शकीलानं एकेक नियम वाचला. प्रत्येकाला विचारलं, ठेवायचा का? माझ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "हा काढून टाकते, भाऊ."

"काहून? राहू द्या यादीत. बंद ठेवा. कोणाले लागला त तो सोता सांगन."

तेव्हापासून मी रिकामा आहे. कोंडूची बहीण एकदा मेली, तिच्या जागी दुसरं कोणी आलं. देवानंद रविवार चुकवत नाही. घरी तो हरल्याच्या गोष्टीही सांगतो, असं जयवंता म्हणते.

माझी कोणाबद्दल तक्रार नाही. शकीलानं मला मायेनं लावलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्याही घरात, तुमच्याही टेबलाशी माझ्यासारखा एखादा चौकोन असेल. त्यावर बोट ठेवण्याआधी, ज्याच्यासाठी ठेवता त्याला एकदा विचारा. तो नको म्हणाला तर मला असाच रिकामा राहू द्या.