राख खाणारा पक्षी

मित्रांनो, मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव चांगला नाही. मी डूख धरते.

तुमच्यापैकी बहुतेकांनी माझे तोंडही पाहिले नसेल. टाइपरायटरची शाईची फीत काढून मेणकागदावर अक्षरे ठोकायची, म्हणजे कागदाला अक्षरांच्या आकाराची भोके पडतात. तो कागद माझ्या शाईच्या पिंपावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवायचा. एका फेरीला एक पान. चूक झाली तर लाल औषधाने भोक बुजवायचे.

मी शाळेत प्रश्नपत्रिका छापायला आले, त्यामुळे मुलांचे शिव्याशाप पुष्कळ खाल्ले. हेडबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला घरी नेऊन पुढच्या खोलीत ठेवले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांची भाषा नदीपलीकडच्या थोड्याच वस्त्यांत उरली होती. लहानपणी ती तोंडातून निघाली की शाळेत त्यांना बाकावर उभे करत. त्याच शाळेच्या हेडबाई होऊन त्या आता त्या भाषेचा कोश करायला बसल्या होत्या. त्यांचे आणि माझे तिथेच जुळले.

एकही प्रकाशक कोश छापेना. तुमचे म्हातारे वाचक किती, आणि त्यातल्या कितीजणांना धड दिसते, असे घरी आलेल्या एकाने हसत विचारले. त्याचा चेहरा मी अजून विसरलेली नाही.

मग काम माझ्याकडे आले. बाईंची एक रीत होती. प्रत्येक शब्दापुढे तो देणाऱ्याचे नाव छापायचे. होडी आणि पाण्याचे शब्द नावाडी आजोबांनी दिले, जन्माचे आणि दुखण्याचे दाईने. चुलीपाशी लागणारे सगळे बाईंच्या धाकट्या बहिणीने दिले. "शब्द उसना घेतलाय," बाई म्हणत. "देणाऱ्याचं नाव नको?"

कोश करणाऱ्यांची आणखी एक जुनी युक्ती असते. बाई तिला बुजगावणे म्हणत. शेतात खोटा माणूस उभा करतात, तसा कोशात एक खोटा शब्द उभा करायचा. पुढे तो दुसऱ्याच्या पुस्तकात दिसला की समजायचे, पीक आपल्याच शेतातून गेले. आमचे बुजगावणे धाकटीने रचले. 'झुळपेक : चुलीतली राख खाऊन जगणारा लहान पक्षी.' शब्द देणाऱ्या सगळ्यांना ही गंमत ठाऊक होती. तो ठोकताना दोघी बहिणी इतक्या हसल्या, की लाल औषधाची बाटली कलंडली.

ओली पाने खाटांवर आणि खिडक्यांत वाळत पडायची. मग टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलून गठ्ठा करायचा आणि दाभणाने शिवायचा. नावाडी आजोबांना वाचता येत नव्हते. आपले नाव कोणते ते विचारून त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. माझी शाई त्यांच्या बोटाला लागली. एवढे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

त्यानंतर आला धाकटीचा मुलगा. घरात बाळ्या, बाहेर डॉक्टर. विद्यापीठात भाषा शिकवायचा. मावशी, मी मोठ्या प्रकाशकाकडून नीट छापून घेतो, तुझेच नाव वर घालतो, असे म्हणून एक प्रत घेऊन गेला. जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा डबा आता भंगारात घाल."

बाईंनी भंगारात नाही घातले, पण भाच्यावर विश्वास टाकून मला जिन्याखाली मोडक्या खुर्चीशेजारी ठेवले. वर पोते टाकले. माझी शाई सुकली, उंदरांनी पिंपावरचे शाई धरणारे फेल्ट कुरतडले. नावाडी आजोबा गेले, ते मी तिथेच ऐकले. मी वाट पाहत होते. डूख धरणाऱ्याला घाई नसते.

शेवटी पुस्तक आले. जाडजूड, सोनेरी अक्षरांत बाळ्याचे एकट्याचे नाव. मावशीसाठी आत 'घरच्या मंडळींचे सहकार्य' एवढेच. शब्द देणाऱ्यांची सगळी नावे खरवडून काढली होती, सख्ख्या आईचेसुद्धा. प्रकाशनानंतर हेच पुस्तक वस्त्यांमधल्या शाळांत जाणार होते. एकदा ते गेले, की शब्द कुणाचे हे कुणालाच कळणार नव्हते. पण बाई जिन्यापाशी बसून पाने उलटताना मध्येच थांबल्या. झुळपेक होता. त्याचे चित्रही होते. खाली लिहिले होते, 'प्रस्तुत लेखकाने हा पक्षी अनेकदा प्रत्यक्ष पाहिला आहे.'

"धाकटे," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या पक्ष्यानं अंडं घातलंय."

प्रकाशनाच्या सभेला मी नव्हते, पण दोघींनी ती इतक्या वेळा सांगितली आहे की मला पाठ आहे. लेखकाची आई म्हणून धाकटीला पहिल्या रांगेत बसवले होते. प्रश्न विचारायची वेळ आली तशी ती उठली. तो राखेतला पक्षी तू कुठे पाहिलास, असे तिने विचारले. बाळ्या खुशीत म्हणाला, "आपल्याच अंगणात, आई. लहानपणी."

"तो पक्षी मी केलाय, बाळा. पुस्तक चोरणाऱ्यासाठी. चोर घरातलाच निघेल असं वाटलं नव्हतं."

मागच्या रांगांत वस्त्यांमधली माणसे बसली होती. आधी दाई हसली, मग सगळ्या रांगा. बाळ्याच्या प्रकाशकाने हातातले पुस्तक मिटून टेबलावर पालथे घातले.

सगळ्या प्रती लगद्यात टाकतो, असे तो नंतर म्हणाला. बाईंनी साफ नकार दिला, कारण शब्द वस्तीचेच होते. त्यांची अट वेगळी होती. प्रत्येक प्रतीत शब्द देणाऱ्यांच्या नावांची पाने चिकटवायची, ती माझ्यावर छापायची, आणि दांडा बाळ्याने फिरवायचा.

पोते निघाले. रॉकेलने मला धुतले, नवे फेल्ट लावले, पोटात ताजी शाई भरली. बाळ्या पांढरा सदरा घालून आला. पहिल्या पानावर पहिले नाव नावाडी आजोबांचे होते आणि शेवटच्या पानावर शेवटची ओळ, 'झुळपेक नावाचा पक्षी नाही.' तो फिरवत राहिला आणि त्याच्या बाह्या काळ्या होत गेल्या. जुन्या यंत्राची शाई गळते रे, असे बाई त्याला म्हणाल्या. गळत नाही, मित्रांनो. मी गाळते.

"मावशी, पुरे ना आता?" त्याने विचारले.

उत्तर त्याच्या आईने दिले. ती ओली पाने खाटेवर पसरत होती, मान वर न करता म्हणाली, "अजून दाईचं पान राहिलंय."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे अशा गोष्टीच्या शेवटी सांगतात. जपा. आणि कुणाचा शब्द घेतलात तर त्याचे नाव सांगत जा. नाही सांगितले तरी माझी हरकत नाही. मी आता पुढच्या खोलीतच असते, पोटात शाई आहे. येताना पांढरा सदरा घालून या.